परजीवीशास्त्राकडे वळताना: पुण्यातील नव्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

परजीवीशास्त्र शिकण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण प्रवेश अर्ज भरतानाच सुरू होते. बारावीच्या जीवशास्त्रात हिवतापाच्या परजीवीचे जीवनचक्र आवडीने शिकलेले असते, जंत, अमिबा, हत्तीरोग यांविषयी आणखी जाणून घेण्याची उत्सुकता असते. परंतु पुण्यातील महाविद्यालयांच्या पदवी अभ्यासक्रमांची यादी पाहिली, की त्यात या नावाची शाखा सहसा दिसत नाही. त्यामुळे पालकांचाही समज होतो, की हा विषय म्हणजे प्राणिशास्त्राच्या पुस्तकातील एखाद-दुसरे प्रकरण आहे आणि त्यावर पोट भरणार नाही. हा समज चुकीचा आहे. परजीवींवर काम करणारी माणसे आरोग्य खात्यात, पशुवैद्यकीय दवाखान्यांत, कृषी विद्यापीठांत, लस बनवणाऱ्या कंपन्यांत आणि संशोधन संस्थांत आहेत. मात्र त्यांच्या पदव्या निरनिराळ्या आहेत, त्यांनी दिलेल्या प्रवेश परीक्षा वेगळ्या आहेत, आणि एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाणे पुढे पुढे अवघड होत जाते. म्हणून कोणत्या महाविद्यालयात जावे हा प्रश्न नंतरचा. परजीवी ज्याच्या शरीरात राहतो त्या कोणत्या यजमानाशी संबंधित काम तुम्हाला करायचे आहे, हे आधी ठरवावे लागते.

पहिली पायरी: यजमान ठरवणे

माणूस हा यजमान निवडल्यास वाट वैद्यकाच्या जवळून जाते. आपल्याकडे रुग्णालयांत रक्त, मल किंवा ऊतींमधील परजीवी ओळखण्याचे काम प्रामुख्याने सूक्ष्मजीवशास्त्र विभाग करतो. म्हणजे नीट परीक्षा, एमबीबीएस आणि त्यानंतर सूक्ष्मजीवशास्त्रात एमडी असा हा क्रम आहे. पुण्यात बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले ससून रुग्णालय हे या शिक्षणाचे सर्वांना ठाऊक असलेले ठिकाण आहे. डॉक्टर न होताही प्रयोगशाळेतून मानवी परजीवींवर काम करता येते, पण ती वाट विज्ञान शाखेतून जाते आणि तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

जनावरे हा यजमान निवडणारे विद्यार्थी शहरात कमी आढळतात, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत मोठी संधी नेमकी तेथेच आहे. पुणे जिल्ह्यात संकरित गाईंचे गोठे भरपूर आहेत, आणि थायलेरिया ॲन्युलाटा या एकपेशीय परजीवीमुळे होणारा गोचीड ताप देशी गाईंपेक्षा संकरित गाईंना अधिक गंभीर स्वरूपात होतो. हा परजीवी हायलोमा जातीच्या गोचिडांमार्फत पसरतो, गाईच्या लसिका ग्रंथी सुजतात, ताप चढतो आणि वेळेवर निदान झाले नाही तर जनावर दगावते. साठलेल्या पाण्यातील गोगलगायींमुळे मेंढ्या-म्हशींना होणारी यकृतकृमींची बाधा, शेळ्यांच्या चौथ्या पोटात राहून रक्त शोषणारा हिमाँकस, कुत्र्यांतून माणसाकडे येणारा एकायनोकॉकस हा पट्टकृमी, असे अनेक प्रश्न पशुवैद्यकाच्या कक्षेत येतात. पुण्याला जवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे आहे आणि ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. पदवी साडेपाच वर्षांची असून त्यात एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) असते. प्रवेशासाठी नीटचेच गुण लागतात. पशुवैद्यकीय परजीवीशास्त्र हा या पदवीतील अनिवार्य विषय आहे आणि पुढे त्यातच पदव्युत्तर पदवी घेता येते. ज्यांना परजीवीशास्त्र हेच नाव पदवीवर हवे आहे, त्यांच्यासाठी ही सर्वांत सरळ वाट आहे.

तिसरा यजमान वनस्पती. डाळिंब, टोमॅटो, भेंडी यांच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी शेतकऱ्यांना चांगले परिचित आहेत, आणि त्यांचा अभ्यास कृषी शाखेत होतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे शिवाजीनगर येथील कृषी महाविद्यालय त्यासाठी पुण्यातच आहे. बीएस्सी कृषीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

चौथी निवड यजमानाची आहे तशीच वाहकाचीही, कारण परजीवीला एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेणारा डास हाही त्याचा यजमानच असतो. या निवडीचे महत्त्व इतिहासावरून कळते. रोनाल्ड रॉस यांना 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादमध्ये डासाच्या जठराच्या भित्तीवर हिवतापाचा परजीवी दिसला, परंतु त्याआधीचा त्यांचा दीर्घ काळ असे डास तपासण्यात गेला, की ज्यांच्यात मानवी हिवतापाचा परजीवी वाढूच शकत नव्हता. डासाची जात ओळखणे म्हणजे केवळ नाव देणे नव्हे, हे येथे स्पष्ट होते. पुण्यातही हाच भेद रोजच्या कामाचा आहे: बांधकामावरील पाण्याच्या टाक्यांत आणि हौदांत, म्हणजे तुलनेने स्वच्छ पाण्यात, ॲनोफिलिस स्टीफेन्सी वाढतो, तर नदीतील जलपर्णीखालच्या आणि गटारांच्या घाण पाण्यात क्युलेक्स. पहिला हिवताप पसरवतो, दुसरा हत्तीरोग. दोघांवरचे उपाय एकसारखे नाहीत.

दुसरी पायरी: पदवीचा प्रवेश

वर सांगितलेल्यांपैकी कोणतीही व्यावसायिक पदवी नको असेल, किंवा नीटचे गुण पुरेसे नसतील, तर प्राणिशास्त्रातील बीएस्सी हा पाया उत्तम आहे. फर्ग्युसन, सर परशुरामभाऊ, आबासाहेब गरवारे, मॉडर्न अशा महाविद्यालयांतून जीवशास्त्रीय विषयांचे पदवी शिक्षण मिळते. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेतले तरी चालते, पण तेथे कृमी जवळजवळ भेटतच नाहीत आणि भर जीवाणूंवर व रेणूंवर असतो, हे प्रवेश घेण्याआधी समजून घ्यावे. संशोधनाकडेच कल असल्यास पाषाण येथील आयसर संस्थेचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, ज्यासाठी आयसरची स्वतंत्र अभिक्षमता चाचणी द्यावी लागते.

महाविद्यालय निवडताना नावापेक्षा प्रयोगशाळा पाहावी, असे माझे ठाम मत आहे. प्रवेशापूर्वी विभागात जाऊन तीन गोष्टी नम्रपणे विचाराव्यात: तैल भिंग (तेलाचा थेंब लावून वापरायचे, सर्वांत मोठे दाखवणारे भिंग) असलेले किती सूक्ष्मदर्शक चालू स्थितीत आहेत, एका प्रात्यक्षिकात एका सूक्ष्मदर्शकावर किती विद्यार्थी बसतात, आणि तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करून घेतला जातो का. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या ऑनर्स पदवीत संशोधन प्रकल्पाला वाव आहे, आणि चार वर्षे पूर्ण करणाऱ्यास पुढची पदव्युत्तर पदवी एका वर्षात घेता येते. मात्र आपल्या महाविद्यालयात चौथे वर्ष सुरू आहे का, हे विचारूनच तसे नियोजन करावे.

तिसरी पायरी: डोळा तयार करणे

या पायरीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा. परजीवीशास्त्र वाचून येत नाही. ते पाहून येते, आणि एकच गोष्ट अनेक वेळा पाहून येते. परीक्षेत तयार काचपट्टी ओळखता येणे आणि खऱ्या नमुन्यात परजीवी शोधून काढता येणे यांत मोठे अंतर आहे.

रक्तापासून सुरुवात करावी. हिवतापाच्या तपासणीसाठी एकाच काचपट्टीवर जाड आणि पातळ असे दोन थेंब पसरवतात. जाड लेपात रक्त अधिक असल्याने परजीवी आहे की नाही हे लवकर कळते, तर पातळ लेपात तांबड्या पेशी शाबूत राहिल्याने जात ओळखता येते. व्हायव्हॅक्स ही हिवतापाच्या परजीवीची जात असल्यास बाधित पेशी फुगलेली दिसते. फॅल्सिपॅरम या दुसऱ्या जातीची वलये (परजीवीची अंगठीसारखी दिसणारी अवस्था) नाजूक असतात, एकाच पेशीत कधी दोन-तीनही दिसतात, आणि त्याच्या जननपेशी चंद्रकोरीच्या आकाराच्या असतात. जाड लेपाची किमान 100 क्षेत्रे तैल भिंगाखाली पाहिल्याशिवाय नमुना नकारात्मक ठरवायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावा. तांबड्या पेशीवर बसलेली बिंबिका (प्लेटलेट) किंवा रंगाचा कण नवख्याला हमखास परजीवी वाटतो. गिम्सा आणि लीशमन या रंगांबरोबरच भारतात हिवताप कार्यक्रमात जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांच्या नावाने ओळखला जाणारा जेएसबी रंग वापरला जातो. तो स्वस्त आणि जलद आहे, म्हणून तोही शिकून घ्यावा.

मलाच्या तपासणीची अनेकांना किळस वाटते, पण या विषयात ती टाळता येत नाही. मिठाच्या संपृक्त द्रावणात जंतांची व अंकुशकृमींची अंडी तरंगून वर येतात. यकृतकृमींची अंडी मात्र जड असल्याने वर येत नाहीत आणि त्यांच्यासाठी अवसादन पद्धत, म्हणजे अंडी तळाशी बसू देऊन तो गाळ तपासण्याची पद्धत, वापरावी लागते. कोणती पद्धत कशासाठी, हे समजले नाही तर परजीवी असूनही अहवाल नकारात्मक जातो. परागकण, वनस्पतींचे केस, हवेचे बुडबुडे हे सगळे अंड्यांसारखे दिसतात, म्हणून नेत्रिकेतील (सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याकडील भिंगातील) मोजपट्टी प्रमाणित करून प्रत्येक अंडे मोजण्याची सवय लावावी. ट्रायच्युरिस या आतड्यातील कृमीचे अंडे सुमारे 50 मायक्रोमीटर लांब, पिंपासारखे आणि दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखे असते. एकदा मोजून पाहिले की ते पुन्हा विसरत नाही.

कृमी मिळवायचे कुठून, हा प्रश्न विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राण्यांच्या विच्छेदनावर निर्बंध आणल्यापासून अधिक विचारला जातो. उत्तर असे, की अन्नासाठी आधीच मारलेल्या प्राण्यांचे टाकाऊ अवयव हा उत्तम साठा आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांचे पत्र घेऊन महापालिकेच्या कोंढवा येथील कत्तलखान्यात किंवा गणेश पेठेतील मासळी बाजारात विनंती करता येते. शेळी-मेंढीच्या पहिल्या पोटाच्या भित्तीला चिकटलेले गुलाबी, जाडसर चपटे कृमी आणि आतड्यातील मोनीझिया हे लांबलचक पट्टकृमी अशा अवयवांत मिळू शकतात. ब्रॉयलर कोंबडीत जंत क्वचित सापडतात, कारण ती साधारण सहा आठवड्यांतच कापली जाते. परसात फिरलेल्या गावठी कोंबडीच्या आतड्यात गोलकृमी आणि पट्टकृमी सापडण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. बेडूक, पक्षी, सरडे असे वन्यजीव मात्र परवानगीशिवाय पकडू नयेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न तेथे उभा राहतो.

मिळालेले कृमी मिठाच्या सौम्य द्रावणात धुवावेत. चपटे कृमी दोन काचपट्ट्यांमध्ये हलके दाबून स्थिर करावेत, गोलकृमी गरम केलेल्या 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाकावेत, म्हणजे ते सरळ होऊन मरतात आणि वेटोळे होत नाहीत. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने ते उघड्या ज्योतीवर गरम करू नये. चपट्या कृमींना बोरॅक्स कार्मिनने रंगवतात, गोलकृमी लॅक्टोफेनॉलमध्ये पारदर्शक करून पाहतात. पुढे डीएनए तपासायचा असेल तर काही नमुने निव्वळ अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवावेत, कारण फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या कृमीचा डीएनए खराब होतो. प्रत्येक बाटलीत यजमान, अवयव, ठिकाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी आणि ती पेन्सिलीने लिहिलेली असावी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि नोंद नसलेला नमुना निरुपयोगी ठरतो. हातमोजे नेहमी घालावेत. कुत्र्याच्या विष्ठेचा नमुना नवख्याने एकट्याने कधीही हाताळू नये, कारण त्यातील एकायनोकॉकसची अंडी पोटात गेल्यास यकृतात किंवा फुप्फुसात जलपुटी तयार होऊ शकते.

जीवनचक्रे पाठ करण्याऐवजी ती काढावीत, आणि प्रत्येक आकृतीवर तीन खुणा कराव्यात: बाधा करणारी अवस्था कोणती, तपासणीत सापडणारी अवस्था कोणती, आणि औषध कोणत्या अवस्थेवर काम करते. मग पुष्कळ गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. व्हायव्हॅक्सच्या रुग्णाला रक्तातील परजीवी मारणाऱ्या औषधानंतरही 14 दिवस प्रायमाक्विन का देतात, तर यकृतात सुप्तावस्थेत राहिलेले परजीवी पुन्हा ताप आणू नयेत म्हणून. हत्तीरोगाच्या सर्वेक्षणासाठी आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर जाऊन रक्त का घेतात, तर वुचेरेरिया या हत्तीरोगाच्या कृमीची पिल्ले, म्हणजे सूक्ष्मकृमी, साधारण रात्री दहा ते दोनच्या सुमारास बाहेरच्या रक्तप्रवाहात सर्वाधिक असतात म्हणून. आणि क्युलेक्स डासही रात्रीच चावतो.

चौथी पायरी: पदव्युत्तर शिक्षण आणि परीक्षा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग हा स्वाभाविक पर्याय आहे. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात मासे व पक्षी यांच्यातील कृमींच्या वर्गीकरणाची जुनी परंपरा आहे, आणि ज्यांना वर्गीकरण आवडते त्यांनी तिकडे जरूर पाहावे. वाहक कीटकांकडे वळायचे असेल तर पुदुच्चेरी येथील आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) वाहक नियंत्रण संशोधन केंद्रात सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्र या विषयाची एमएस्सी आहे. घरापासून दूर जावे लागले तरी ती पदवी फार उपयुक्त आहे.

एमएस्सीच्या काळातच सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट आणि आयसीएमआरची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती यांची तयारी करावी. 2023 पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम दरमहा 37,000 रुपये आहे, त्यामुळे पीएचडी करताना घरावर भार टाकावा लागत नाही. पुण्यातच विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात लीशमॅनिया (काळा आजाराचा परजीवी) व हिवतापाचा परजीवी यांवर संशोधन झालेले आहे. पुण्याबाहेर दिल्लीची राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्था, काळा आजारासाठी पाटण्याची राजेंद्र स्मारक संस्था, औषधांसाठी लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था आणि पशुवैद्यकांसाठी इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ही नावे लक्षात ठेवावीत. रेणवीय तंत्रे शिकणे आज अपरिहार्य आहे, पण ज्याला अंडे किंवा वलय ओळखता येत नाही त्याने थेट जनुकक्रमाकडे जाऊ नये.

पाचवी पायरी: नोकरीचा विचार

शासकीय नोकऱ्यांपासून सुरुवात करू. राज्याच्या हिवताप, हत्तीरोग व जलजन्य रोग विभागाच्या सहसंचालकांचे कार्यालय पुण्यात आहे, आणि जिल्हा पातळीवर हिवताप अधिकाऱ्यांची यंत्रणा आहे. कीटक समाहारक (कीटकांचे नमुने गोळा करणारा), प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कीटकशास्त्रज्ञ अशी पदे आरोग्य खात्यात असतात. पुणे महापालिकेतही कीटक प्रतिबंधक विभाग आहे. या जाहिराती दरवर्षी ठरलेल्या वेळी येत नाहीत, हे वास्तव आहे, म्हणून केवळ त्यांची वाट पाहत बसू नये. शैक्षणिक पात्रता प्रत्येक जाहिरातीत नीट वाचावी; प्रयोगशाळेतील अनेक पदांना बीएस्सीबरोबर डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) लागते. हीच पदविका खासगी प्रयोगशाळांतही उपयोगी पडते. तेथे नमुना तपासणारे हात तंत्रज्ञाचे असले, तरी अहवालावर सही करण्याचा अधिकार विकृतिशास्त्रज्ञ डॉक्टरांचा असतो.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हिवतापाचे आणि विदर्भाच्या काही भागांत हत्तीरोगाचे काम आजही मोठे आहे. पुण्यातील तरुणांनी तेथील कंत्राटी कामाकडे कमीपणाने पाहू नये. ज्या संख्येने खऱ्या नमुन्यांशी तेथे संबंध येतो, तसा पुण्यात येत नाही.

पशुवैद्यकांना लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते, आणि औंध येथील पशुसंवर्धन विभागाच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेसारखी ठिकाणे निदानाच्या कामासाठी आहेत. सूत्रकृमींच्या अभ्यासकांना कृषी विद्यापीठे आणि बारामती किंवा नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांसारख्या संस्था आहेत. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एमएस्सीला 55 टक्के गुण आणि नेट किंवा सेट आवश्यक आहे. राज्याची सेट परीक्षा पुणे विद्यापीठच घेते.

उद्योगाकडेही पाहावे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आर21 ही हिवतापाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये तिची शिफारस केली आणि 2024 मध्ये आफ्रिकेत तिचे लसीकरण सुरू झाले. अशा उद्योगात गुणवत्ता नियंत्रण, नियामक कागदपत्रे, चाचण्यांचे संयोजन अशी कामे असतात आणि त्यांसाठी जैवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची जोड लागते.

हे रोग संपले तर नोकऱ्याही संपतील, अशी शंका पालक काढतात. दूषित पाण्यातून होणाऱ्या नारू या कृमिरोगाचे उदाहरण त्यांना सांगावे. 1996 मध्ये भारतात नारूचा शेवटचा रुग्ण सापडला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. परंतु नारूला माणसाबाहेर लक्षणीय आश्रय नव्हता आणि पाणी गाळून पिण्याने त्याची साखळी तुटली. हिवताप, जंत किंवा गोचीड ताप इतके सोपे नाहीत. शिवाय रुग्ण कमी होत जातात तसतसे सकारात्मक नमुने दुर्मीळ होतात, ते ओळखणारे तंत्रज्ञही कमी होतात, आणि तेव्हाच एखादा चुकलेला नमुना साथ परत आणू शकतो.

या वर्षी काय करावे

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने 10 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी जवळच्या शाळेत किंवा अंगणवाडीत आरोग्य कर्मचाऱ्यांना मदत करावी. 1 ते 19 वयोगटातील मुलांना अल्बेंडाझोलची गोळी कशी दिली जाते आणि तिची नोंद कशी ठेवली जाते, हे तेथे पाहता येते. दुसऱ्या वर्षी भारतीय विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा. हे अर्ज सहसा हिवाळ्यातच मागवले जातात, त्यामुळे एप्रिलमध्ये जागे होऊन उपयोग नसतो. एखाद्या प्रयोगशाळेला थेट पत्र लिहायचे असेल तर ते एका पानात बसवावे: त्या गटाचा कोणता शोधनिबंध वाचला आणि त्यातील काय समजले नाही, कोणते रंग व कोणत्या तपासण्या स्वतःच्या हाताने केल्या आहेत, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येता येईल. पत्रासोबत आपण केलेल्या काचपट्टीचे एक स्पष्ट छायाचित्र, त्यावर मोजपट्टी आणि नोंदीसह, जोडावे. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे स्मरण द्यावे आणि पुढच्या प्रयोगशाळेला लिहावे.